जुनी मोटार आणि तिचे कागद



2018 सालच्या ऑगस्ट महिन्यात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, मॉन्टेरे येथे, एक जुनी मोटार लिलावाला निघाली. फेरारी कारखान्याची, 1962 साली इटलीत तयार झालेली. दोनच माणसे बसतील एवढी जागा. आत ना गालिचा, ना शोभेची काही वस्तू. वेग दाखवणारा काटादेखील नाही! शर्यतीच्या गाडीला तो कशाला हवा? हातोडा पडला तेव्हा, लिलावदाराच्या दस्तुरीसह, किंमत झाली 4 कोटी 84 लाख डॉलर. तेव्हाच्या भावाने सुमारे तीनशे चाळीस कोटी रुपये. त्या दिवसापर्यंत जाहीर लिलावात कोणत्याच मोटारीला एवढी किंमत आली नव्हती. आणि नवी असताना हीच गाडी अमेरिकेत अठरा हजार डॉलरला मिळत होती.

आता तुम्ही म्हणाल, पैसेवाल्यांचे खूळ आहे, दुसरे काय! खूळ आहेच, मी नाही म्हणत नाही. पण मी पडलो इतिहासाचा मास्तर. मला त्या गाडीपेक्षा तिच्याबरोबर आलेल्या कागदांच्या गठ्ठ्याचे कुतूहल अधिक. आपण शेत विकत घेताना आधी सातबारा पाहतो, मग फेरफार पाहतो, आणि मगच बांधावर जातो. तिथेही तसेच आहे.

या गाडीचे नाव 250 जीटीओ. इंजिनात बारा नळकांडी. एकेका नळकांड्याचे आकारमान सुमारे अडीचशे घनसेंटिमीटर, म्हणून 250. एकूण इंजिन तीन लिटरचे आणि ताकद सुमारे तीनशे अश्वशक्तीची. 1962 ते 1964 या काळात अशा अवघ्या छत्तीस गाड्या झाल्या. लिलावातल्या गाडीचा चेसिस नंबर 3413. प्रख्यात शर्यतपटू फिल हिल याने 1962 च्या मे महिन्यात सिसिली बेटावरील तार्गा फ्लोरिओ शर्यतीच्या सरावासाठी ती वापरली. मग ती एदोआर्दो लुआल्दी-गाबार्दी नावाच्या इटालियन चालकाला विकली गेली, आणि त्याने तिच्यावर त्या सालचे आपल्या देशाचे अजिंक्यपद मिळवले. पुढे 1963 आणि 1964 साली तिने तार्गा फ्लोरिओमध्ये आपल्या वर्गात पहिला क्रमांक काढला. कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली, कोणत्या शर्यतीत धावली, याची नोंद आहे. इंजिन, गिअरपेटी आणि मागचा आस ही तिची मूळचीच आहेत.

मात्र अंगावरचा पत्रा मूळचा नाही, बरं का! 1964 साली तो बदलून नव्या घाटाचा घातला गेला. मग गाडी अस्सल कशी? तर तो पत्रा बदलला मोदेनाच्या स्काल्येत्ती यांच्या कारखान्याने, ज्याने पहिला पत्रा ठोकला होता त्यानेच. आणि तशी नोंद आहे. नोंद नसती, तर याच बदलापायी किंमत घसरली असती. अॅल्युमिनियमचा पत्रा हातोडीने ठोकून ठोकून आकाराला आणायचा, असे ते काम. त्यामुळे दोन गाड्या शेजारी उभ्या केल्या तर नेमक्या सारख्या दिसत नाहीत. आपल्याकडच्या तांबटआळीत ज्याने हंडे घडताना पाहिले आहेत, त्याला हे वेगळे सांगायला नको.

कागदांचे महत्त्व मी एवढे सांगतो आहे खरा. पण या गाडीचा जन्मच एका ताणलेल्या कागदावर झाला. जीटीओ ही अक्षरे ‘ग्रान तुरिस्मो ओमोलोगातो’ या इटालियन शब्दांची. ओमोलोगातो म्हणजे मान्यता मिळालेली. त्या वर्गात शर्यत खेळायची तर एका नमुन्याच्या शंभर गाड्या बनवल्या पाहिजेत असा आंतरराष्ट्रीय संघटनेचा नियम होता. फेरारींनी काय सांगितले? ही नवी गाडी नव्हेच, आमच्या जुन्या 250 जीटीचीच सुधारलेली आवृत्ती! संघटनेने ते मान्य केले. पुढे 250 एलएम या गाडीसाठी त्यांनी अशीच मागणी केली, तेव्हा मात्र नकार मिळाला. थोडक्यात, ज्या गाडीच्या नावातच मान्यतेचा शिक्का आहे, त्या शिक्क्यामागे थोडी चलाखी होती. इतिहासात असे पुष्कळदा होते. कागद अस्सल असतो, पण त्यातला मजकूर तपासून घ्यावा लागतो.

घडवणाऱ्यांचीही कहाणी तशीच. गाडीची मूळ आखणी जोत्तो बिझ्झारिनी या अभियंत्याची. पण 1961 च्या अखेरीस एन्झो फेरारी यांचे आणि त्यांच्या वरिष्ठ मंडळींचे भांडण झाले, आणि बिझ्झारिनींसह अनेक जण एकदमच बाहेर पडले. उरलेले काम पडले माउरो फोर्गिएरी या सव्वीस वर्षांच्या पोरावर. त्याने ते तडीस नेले. 1962 च्या मार्चमध्ये अमेरिकेतील सेब्रिंगच्या बारा तासांच्या शर्यतीत ही गाडी प्रथम उतरली आणि एकूण गाड्यांत दुसरी आली.

किंमत वाढली तशी नकलाही निघाल्या. फेरारींची 250 जीटीई नावाची चार माणसांची घरगुती गाडी होती, तशाच तीन लिटरच्या बारा नळकांड्यांच्या इंजिनाची. तिच्या साडेनऊशेच्या आसपास गाड्या झाल्या होत्या. त्यांतल्या कित्येक कापून, वरून जीटीओचा पत्रा चढवून नकला केल्या गेल्या. म्हणजे नक्कल करण्यासाठी एक अस्सल गाडी मारायची! मला या साऱ्या प्रकरणात कोट्यवधींच्या आकड्यांपेक्षा याचेच वाईट वाटते. त्या घरगुती गाडीसाठी कोण रडणार?

शिक्षक मंडळींसाठी आणखी एक गोष्ट सांगतो. छत्तीसांपैकी 3589 नंबरची गाडी शर्यती संपल्यावर टेक्सास राज्यातील व्हिक्टोरिया गावच्या हायस्कूलला देणगी म्हणून मिळाली. मुलांनी मोटारीचे काम शिकावे म्हणून. तेव्हा जुन्या शर्यतीच्या गाडीला विचारतो कोण! 1972 साली शाळेने ती साडेसहा हजार डॉलरला विकून टाकली. घेणाऱ्याने ती ओहायो राज्यात नेली, आणि तिथे एका मोकळ्या रानात, ट्रेलरवर चढवलेली, ती कितीतरी वर्षे ऊनपावसात उभी होती. भोवती गवत वाढत होते. पुढे ऐंशीच्या दशकात ती तिथून बाहेर निघाली, आणि नंबर पाहणाऱ्यांनी पहिल्यांदा नंबरच पाहिला.