ठरलेली बैठक



मांडवीत राहणाऱ्यांना सयाजीराव महाराजांची थोरवी सांगायला नको. आज आठवूया तो १२ वर्षांचा गोपाळ. १८७५ साली नाशिककडच्या कवळाण्याहून दत्तक आलेल्या या शेतकऱ्याच्या मुलाची अक्षरांशी फारशी ओळख नव्हती. वाड्यात सुख हात जोडून उभे. न शिकताही गादी होतीच. तरी इलियटसाहेबांच्या देखरेखीखाली त्याने मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी आत्मसात केली. १८८१ साली राज्यकारभार हाती आला. १९०६ साली याच राजाने राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले.

आपण म्हणतो, मनात जिद्द आली की बसू. पण आधी बसावे लागते. जिद्द मागाहून येते. घरात रोजची एक वेळ ठरवा आणि पाहुणे आले तरी ती मोडू नका.

गणपती बाप्पा मोरया!