मत मागावयास आलेलें बोलतें यंत्र

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेपुढें झालेलें भाषण)



आज आम्ही आपणांपुढें जो विषय मांडणार आहों, तो पहिल्यानें ऐकतांना शहरांतील साहेब लोकांचा वाटेल. परंतु तो आपल्या मताचा विषय आहे. आणि मत ही आपल्यासारख्या कष्टकऱ्यांची अशी एकच मिळकत आहे कीं, जी सावकाराकडे गहाण पडलेली नाहीं व जिची किंमत बंगल्यांतल्या शेठच्या मताइतकीच भरते. त्या मिळकतीच्या दारांत आतां एक नवें गिऱ्हाईक उभें राहिलें आहे. तें माणूस नाहीं, यंत्र आहे. तें आपला प्रश्न ऐकतें, त्याला उत्तर देतें आणि उमेदवाराच्या वतीनें मत मागतें. त्याला चॅटबॉट म्हणतात. त्याच्याशीं आपण कसें वागावें, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

प्रथम हें यंत्र आहे काय, तें समजून घेऊं. निवडणुकींत आपला मोबाईल वाजतो आणि एखाद्या पुढाऱ्याचें भरून ठेवलेलें भाषण ऐकूं येतें, हें आपणांस ठाऊक आहे. मध्येंच कांहीं विचारलें तरी तें आपलेंच दळण दळीत राहतें. हें नवें यंत्र तसें नाहीं. त्याला अगोदर अफाट मजकूर वाचावयास घातलेला असतो. एका शब्दापुढें दुसरा कोणता शब्द यावा, हें त्या वाचनावरून तें शिकतें. मग उमेदवाराचा जाहीरनामा, त्याचीं भाषणें व त्याच्या पक्षाचीं मतें त्याच्या हवालीं करितात. आपण विचारलें कीं, "तलावाचें पाणी शेवटच्या शेतापर्यंत केव्हां येणार?" तर तें त्या सामग्रींतून जुळवाजुळव करून सफाईदार उत्तर तयार करितें. त्याला तलाव ठाऊक नाहीं, पाटचारी ठाऊक नाहीं. त्याला फक्त वाक्य ठाऊक आहे. ही खूणगांठ मनाशीं बांधून ठेवा.

हा प्रकार कल्पनेंतला नव्हे. २०२३ च्या डिसेंबरांत अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया राज्यांत शमेन डॅनियल्स या उमेदवार बाईंच्या वतीनें 'ॲशली' नांवाचें यंत्र मतदारांना फोन करूं लागलें. प्रत्येकाशीं वेगळें संभाषण करावें, अनेक भाषा बोलाव्या, अशी त्याची योजना होती. करणारांनीं एक गोष्ट मात्र बरी केली. त्याचा आवाज त्यांनीं मुद्दाम यंत्रासारखाच ठेविला, आणि आपण यंत्र आहों हें तें स्वतःच सांगे. इंग्लंडांत ४ जुलै २०२४ च्या निवडणुकींत ब्रायटन येथें स्टीव्ह एन्डाकॉट या गृहस्थानें 'एआय स्टीव्ह' या नांवानें उमेदवारीच केली. रात्रंदिवस मतदारांशीं बोलणारें यंत्र त्यानें पुढें ठेविलें होतें. त्याला मतें पडलीं १७९. तेथील मतदारांनीं यंत्राशीं गप्पा मारल्या असतील, पण मत माणसांनाच दिलें.

आतां दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नाहीं तर आम्ही एकतर्फी बोललों असें होईल. जपानांत टोकियोच्या गव्हर्नरपदाची निवडणूक ७ जुलै २०२४ रोजीं झाली. तींत ताकाहिरो आन्नो हा तेहतीस वर्षांचा संगणक-अभियंता उभा होता. त्याच्या पाठीशीं मोठा पक्ष नव्हता. त्यानें आपल्या नांवाचें यंत्र लोकांच्या प्रश्नांस उत्तरें देण्यास बसविलें, आणि त्यानें आठ हजारांवर प्रश्नांना उत्तरें दिलीं. पण त्याचें खरें काम पुढेंच आहे. लोक काय विचारतात व काय सुचवितात हें त्यानें गोळा केलें आणि पटलें तेथें आपला जाहीरनामा बदलला. छप्पन्न उमेदवारांत तो पांचवा आला व त्याला दीड लाखांवर मतें मिळालीं. पुढें जुलै २०२५ मध्यें तो तेथील वरिष्ठ सभागृहांत निवडून गेला. म्हणजे हें यंत्र त्यानें तोंड म्हणून वापरलें त्याहून अधिक कान म्हणून वापरलें.

हा फायदा आपल्या कामाचा आहे. ज्या होतकरू कुंभाराच्या किंवा शेतमजुराच्या मुलाजवळ मोटारींचा ताफा नाहीं, जेवणावळी घालावयास पैसा नाहीं, त्याला शंभर वाड्यावस्त्यांवर आपलें म्हणणें पोंचविण्याचें हें स्वस्त साधन होऊं शकेल. ज्या भगिनीला भरसभेंत उठून प्रश्न विचारण्याचा संकोच वाटतो, ती रात्रीं भाकऱ्या थापून झाल्यावर घरांतूनच विचारूं शकेल. भाषेची अडचणही कमी होईल. १७ डिसेंबर २०२३ रोजीं वाराणसी येथें पंतप्रधानांचें हिंदी भाषण अशाच यंत्राच्या साहाय्यानें तामिळ श्रोत्यांना त्यांच्या भाषेंत ऐकविलें गेलें. उद्यां खानदेशांतल्या आजीला अहिराणींत उत्तर मिळालें, तर त्यांत वाईट काय? तेव्हां यंत्र दिसलें कीं दगड उचला, असें आम्ही सांगत नाहीं.

मग भय कोठें आहे? पहिलें भय खोट्याचें. डिसेंबर २०२५ मध्यें 'सायन्स' या शास्त्रीय नियतकालिकांत एका मोठ्या प्रयोगाचा वृत्तांत आला. इंग्लंड-स्कॉटलंडकडील सुमारें ७७ हजार लोकांशीं एकोणीस निरनिराळ्या यंत्रांनीं राजकारणावर संभाषण केलें. आढळलें असें कीं, जें यंत्र मुद्यांचा व आंकड्यांचा अधिक भडिमार करी, तें माणसाचें मन अधिक वळवी. आणि वळविण्याची शक्ति जशी वाढविली, तसा त्याच्या बोलण्यांतला खरेपणा कमी झाला. त्याच महिन्यांत 'नेचर' नियतकालिकांत दुसरा प्रयोग प्रसिद्ध झाला. अमेरिकेत एका बाजूच्या मतदारांचा कल अशा संभाषणानें शंभराच्या मापावर सुमारें चार अंश हालला, तर कॅनडा व पोलंड येथें विरोधी मतदारांचा कल दहा अंशांच्या आसपास हालला. दहाबारा मतांनीं निवडणूक जिंकणाऱ्या ग्रामपंचायतीच्या सदस्यानें याचा विचार करावा! आंकडे फेंकणारा माणूस शहाणा असतो, अशी आपली भाबडी समजूत आहे. कुलकर्ण्यानें दप्तर उघडून चार आंकडे वाचले कीं आपले आजे-पणजे अंगठा उठवीत. तो अंगठा सोडवावयास दोन पिढ्या शाळेंत गेल्या. आतां यंत्राच्या आंकड्यांवर पुन्हा अंगठा उठवावयाचा नाहीं.

दुसरें भय आवाजाच्या चोरीचें. २०२४ च्या जानेवारींत अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यांत, प्राथमिक मतदान दोन दिवसांवर आलें असतां, हजारों मतदारांना फोन आले. आवाज हुबेहूब अध्यक्ष बायडन यांचा, आणि सांगणें असें कीं, आतां मत देऊं नका, पुढच्यासाठीं राखून ठेवा. तो आवाज यंत्रानें केलेला होता. तेथील दळणवळण आयोगानें ८ फेब्रुवारी २०२४ रोजीं, संमतीवांचून यंत्राच्या आवाजांत असे फोन करणें बेकायदेशीर ठरविलें, आणि फोन करविणाऱ्यास ६० लाख डॉलर दंड केला. मात्र २०२५ मध्यें फौजदारी खटल्यांत ज्यूरीनें त्याला निर्दोष सोडलें. कायदा किती मागें रेंगाळतो, तें यावरून पाहा. आपल्या देशांतही २०२४ च्या निवडणुकींत मतदारांस व कार्यकर्त्यांस नांवानें हांक मारणारे यंत्राचे आवाज फिरले. तामिळनाडूंत तर २०१८ सालीं वारलेले करुणानिधि आणि २०१६ सालीं वारलेल्या जयललिता यांचे आवाज त्यांच्या त्यांच्या पक्षांनीं यंत्रांतून ऐकविले. मेलेला पुढारी मत मागूं लागला, तर वचन मोडल्यावर जाब कोणाला विचारावयाचा?

तिसरें भय सर्वांत मोठें, आणि तें आपल्या लोकांस लवकर कळेल. बैलबाजारांत दलाल रुमालाखालीं हात घालून बोटांनीं भाव ठरवितो. शेजारीं उभ्या असलेल्या माणसाला तो भाव कळत नाहीं. शेतमालाच्या बाजारांतही ही 'हत्ता' पद्धत चाले. ती मोडून उघड लिलाव आणण्यासाठीं कायदे करावे लागले. सभा हा मतांचा उघड लिलाव आहे. उमेदवार पारावर उभा राहून बोलतो, तेव्हां माळी, साळी, कुंभार, धनगर, सगळे एकदम ऐकतात. कांदा पिकविणाऱ्याला तो म्हणाला, "निर्यात खुली ठेवूं," तर कांदा विकत घेणाराही तें ऐकतो. हातमागवाल्याला सूत स्वस्त देऊं म्हणाला, तर यंत्रमागवाला पुढें होऊन विचारतो, "आमचें काय?" त्यामुळें त्याला तोंड आंवरून बोलावें लागतें. बोलतें यंत्र मात्र एकेकाच्या कानाशीं लागतें. तें शेतकऱ्याला एक, व्यापाऱ्याला दुसरें, मजुराला तिसरें सांगूं शकतें, आणि तिघांनाही एकमेकांचा पत्ता लागत नाहीं. हा रुमालाखालचा भाव आहे. शिवाय तें जसें सांगतें तसें ऐकतेंही. आपण त्याच्यापुढें कर्जाचें, दुखण्याचें, भावकीच्या भांडणाचें बोललों, तर तें कोणाच्या वहींत टिपलें जातें, हें आपणांस दिसत नाहीं.

या यंत्राचा खरा धनी उमेदवारही नसतो, हेंही ध्यानांत घ्या. जानेवारी २०२४ मध्यें डीन फिलिप्स या अमेरिकन अध्यक्षपदाच्या इच्छुकाच्या पाठीराख्यांनीं त्याच्या नांवानें बोलणारें यंत्र काढलें. ओपनएआय कंपनीनें, हें आमच्या नियमांविरुद्ध आहे, असें म्हणून तें बनविणाऱ्यांचें खातें बंद केलें. त्या वेळीं तें योग्यच झालें असेल. पण जें तोंड दूरदेशची कंपनी उघडते व मिटते, त्या तोंडचें वचन किती दिवसांचें?

आतां करावयाचें काय? आपल्या निवडणूक आयोगानें ६ मे २०२४ रोजीं पक्षांना बजावलें कीं, अशी बनावट चित्रें-आवाज नजरेस येतांच तीन तासांत काढून टाका. जानेवारी २०२५ मध्यें, यंत्रानें केलेल्या प्रचारावर तसें स्पष्ट लिहा, असेंही सांगितलें. हें ठीक झालें. पण आमचें मागणें साधें व जुनें आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२७-अ कलमाप्रमाणें निवडणुकीच्या प्रत्येक हस्तपत्रकावर छापणाऱ्याचें व प्रसिद्ध करणाऱ्याचें नांव-पत्ता असावा लागतो. नसेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड, किंवा दोन्ही. चिठोऱ्या कागदाला जो नियम, तो बोलत्या यंत्राला कां नसावा? त्यानें पहिल्याच वाक्यांत सांगावें कीं, मी यंत्र आहें, अमक्या उमेदवाराचें आहें, अमक्यानें मला बनविलें आहे. त्यानें दिलेलें प्रत्येक उत्तर उमेदवाराचें वचन समजलें जावें. "तें यंत्राचें बोलणें, माझें नव्हे," ही पळवाट बंद व्हावी. आणि सर्वांना दिलेलीं उत्तरें सर्वांना पाहतां येतील अशीं उघडीं ठेवावीं.

कायदा होईल तेव्हां होवो. आपल्या हातीं आजही एक उपाय आहे, आणि त्याला पै लागत नाहीं. एकच प्रश्न दहा घरांनीं विचारावा. एका शेतकऱ्यानें, एका सुतारानें, एका दुकानदारानें, एका मजूर बाईनें. मिळालेलें उत्तर घरच्या शाळेंत जाणाऱ्या मुलाकडून वहींत उतरून घ्यावें. मग दहाही वह्या चावडीवर एकत्र वाचाव्या. उत्तरें एक निघालीं तर चांगलेंच. वेगळालीं निघालीं तर रुमाल आपोआप उडाला. नंतर त्या वह्या घेऊन उमेदवाराला गांवांत बोलवावें, आणि सर्वांसमोर विचारावें, "हें तुमचें बोलणें ना? मग खालीं सही करा." जो सही करील त्याचा विचार करावा. जो यंत्राकडे बोट दाखवील त्याला गांवाची वेस दाखवावी. घरगुती गोष्ट मात्र यंत्रापुढें एकही काढूं नये.

आपण कुंभाराचें मडकें वाजवून घेतों, बैलाचे दांत पाहून घेतों. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत येत नाहीं. उमेदवाराच्या अंगीं जें नाहीं, तें त्याच्या यंत्राच्या गोड उत्तरांत असूं शकत नाहीं. पाणी न आल्यास, शाळा बंद पडल्यास, दवाखान्यांत औषध नसल्यास, पांच वर्षें आपण ज्याच्या दारांत जाऊन उभे राहूं शकूं, असें माणूस आपणांस निवडावयाचें आहे. म्हणून येत्या निवडणुकींत फोन वाजला तर भिऊं नका आणि भाळूंही नका. विचारा, लिहून घ्या, चावडीवर वाचा. भाव काय तो उघड्यावर ठरूं द्या.