गाव सोडलेल्यांचं गाणं

(जबलपूर येथे पहिल्या पिढीच्या पदवीधरांसमोर केलेले भाषण)



माझे आजोबा विदर्भातून जबलपूरला आले ते कारखान्यात मजुरी करायला. सोबत एक पेटी होती आणि पेटीत भीमगीतांची वही. मी मात्र विद्यापीठाच्या वसतिगृहात खोलीत कुणी आलं की मोबाईलवरचं भीमगीत बंद करायची. आज बोलायचंय ते या वहीबद्दल आणि त्या बंद केलेल्या गाण्याबद्दल.

तिनारीवेन हा मालीतल्या तुआरेग कलावंतांचा बँड. २०१२ साली उत्तर मालीत युद्ध पेटलं, सशस्त्र गटांनी संगीतावर बंदी आणली. मग त्यांनी ‘एम्मार’ हा अल्बम कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात केला. तो २०१४ साली आला. देश सुटला, तरी गाण्यासाठी त्यांनी वाळवंटच गाठलं.

आपल्याकडे अण्णाभाऊ साठे वाटेगावहून कुटुंबासोबत पायी मुंबईला आले. अमर शेख आले बार्शीकडून. १९४४ साली या दोघांनी द. ना. गव्हाणकरांसोबत लाल बावटा कलापथक उभं केलं. तमाशा गावातून आणला, पण जसाच्या तसा ठेवला नाही. गणात गणपतीऐवजी मायभूमीला वंदन आलं आणि वगात कामगाराचे प्रश्न आले.

अण्णाभाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड आपण सगळ्यांनी ऐकलीय. मुंबईत पोटासाठी आलेला माणूस गावी राहिलेल्या बायकोची आठवण काढतो. पुढे हाच विरह बेळगाव, कारवारचा होतो. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. तो झुरतो ते माणसासाठी. पाटलाच्या वाड्यासाठी किंवा गावगाड्यासाठी नाही.

बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत गावाच्या गोडव्यांवर कठोर टीका केली होती. आपल्या आजीआजोबांसाठी गाव सोडणं ही निव्वळ ताटातूट नव्हती, ती सुटकाही होती. म्हणून आपल्या गाण्यात आठवण असते, पण परत त्याच जागी जाण्याची ओढ नसते.

पदवी मिळाल्यावर आपण भाषा बदलतो, कधी आडनावही झाकतो. त्यामागची भीती मी ओळखते, कुणाला दोष देत नाही. पण एक काम करा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. एक गाणं लिहून घ्या. ते कुणी शिकवलं, कुठल्या वस्तीत गायलं, तेही लिहा. ती माणसं गेली की हे सांगणारं कुणी उरणार नाही.

आजोबांची वही आता माझ्या टेबलावर असते. आणि खोलीत कुणीही आलं, तरी गाणं चालू राहतं.

जय भीम.