बाळंतिणीचा हिराबोळ

आपल्या नायगाव-नांदेडकडं घरात बाळंतीण असली की काष्ठौषधीच्या दुकानातून हिराबोळ आणतात. तांबूस-तपकिरी, खडबडीत खडे. फोडले की उग्र वास, जिभेवर कडूजहर. सोमालिया-अरबस्तानातल्या काटेरी झाडाचा हा डिंक, आपल्या धुपातल्या गुग्गुळाचा भाऊबंद. बायबलमध्ये बाळ येशूला वाहिलेला गंधरस तो हाच. त्याचं तेल वाफेवर काढतात. सुजलेल्या हिरड्यांसाठी बोळाच्या गुळण्यांची रीतही जुनी आहे.

विकत घेताना मात्र खडा नीट बघा. काळा बोळ वेगळा, तो कोरफडीचा वाळवलेला रस. बोळाचं तेल पोटात घेऊ नका. गरोदर बाईला बोळ मुळीच देऊ नका, त्यानं गर्भाशय आकुंचन पावू शकतं. बाळंतिणीलाही डॉक्टरांना विचारूनच द्या.