उन्हाला न घाबरणारी फुलझाडं

श्रोतेहो, बागेची हौस पावसाळ्यात सुचते आणि तिची परीक्षा उन्हाळ्यात होते. जुलैमध्ये नर्सरीतून आणलेलं प्रत्येक रोप टवटवीत दिसतं. एप्रिल-मे उजाडतो, नळाला दिवसाआड पाणी येऊ लागतं, टँकर सुरू होतात आणि घरात प्रश्न उभा राहतो, पाणी माणसांना की झाडांना? ही वेळ येऊ नये असं वाटत असेल, तर झाड निवडतानाच विचार करायला हवा.

सोलापूरकडे वर्षाला ७००-७५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या काळात. अशा हवेत कोणती झाडं तगतात हे पाहायचं असेल, तर महामार्गाचा दुभाजक पाहा. तापलेलं डांबर, गाड्यांचा धूर आणि बेताचंच पाणी. तरीही तिथे कण्हेर आणि बोगनवेल फुललेली असते.

कण्हेरीला ऊन हवं, पाणी थोडं चालतं आणि शेळ्या तिला तोंड लावत नाहीत. याचं कारण मात्र लक्षात ठेवा. पानापासून मुळापर्यंत हे झाड विषारी आहे. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, तिच्या बियाही तशाच घातक. घरात रांगतं मूल असेल, तर ही दोन्ही झाडं टाळावीत. छाटलेल्या फांद्या जाळूही नयेत. धूरही अपायकारक असतो.

बोगनवेलीचा रंग हा फुलांचा नसून फुलाभोवतीच्या पानांचा असतो. खरं फूल आत, छोटंसं, फिकट रंगाचं. तिला पाणी जास्त झालं की नुसता पाला माजतो. थोडा ताण दिला की रंग उमटतो. काटे असल्यामुळे कुंपणाला ती उत्तम.

देवपूजेला रोज पांढरी फुलं हवी असतील, तर तगर लावा. थोडी सावलीही ती चालवून घेते. शंकासुर बियांपासून सहज येतो आणि लाल-पिवळ्या तुऱ्यांनी अंगण भरून टाकतो. पावसाळा सरल्यावर बाग सुनी वाटू नये म्हणून कोरांटी हवीच. आपल्या सह्याद्रीतली धायटीही विसरू नका. ऐन उन्हाच्या तोंडावर ती लाल फुलांनी बहरते आणि मधासाठी शिंजीर तिच्याकडे धाव घेतात.

जास्वंद लावायला हरकत नाही, पण तिला पाणी थोडं अधिक लागतं आणि पांढऱ्या पिठ्या ढेकणावर नजर ठेवावी लागते. कोकणातल्या तांबड्या मातीत जोमाने फुलणारा एक्झोरा चुनखडीच्या काळ्या जमिनीत बऱ्याचदा पिवळा पडतो. पानांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, कारण अशा मातीतलं लोह मुळांना नीट घेता येत नाही. तेव्हा झाड काटक आहे की नाही, हे आपली माती पाहूनच ठरवायचं.

आणि काटक म्हणून काहीही लावू नये. घाणेरी एकोणिसाव्या शतकात शोभेचं झुडूप म्हणून आपल्या देशात आली. बागेतून निसटली आणि आज तिने रानंच्या रानं व्यापली आहेत. तिच्याखाली गवत वाढत नाही, आणि तिचा पाला गुरांच्या पोटात गेला तर बाधतो.

लागवड पहिल्या दोन-तीन चांगल्या पावसांनंतर करावी. दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्ड्यात माती व कुजलेलं शेणखत भरावं. काळ्या जमिनीत पाणी साचतं, म्हणून तिथे रोप थोड्या उंचवट्यावर लावावं. रोज वरवर शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा मुरेपर्यंत पाणी द्यावं, म्हणजे मुळं खोल जातात. बुंध्याभोवती पालापाचोळ्याचा चार बोटं थर ठेवावा, पण तो खोडाला चिकटवू नये.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात असू द्या. काटक झाडालाही पहिला उन्हाळा जपावा लागतो. त्या वर्षी धुण्याभांड्यांचं पाणी नको, भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी वाया न घालवता त्याच्या मुळाशी ओता. पुढच्या वर्षी ते झाड तुमच्याकडे फारसं काही मागणार नाही.

शिवाय या बागेला खर्चही फार नाही. तगर, कण्हेर, बोगनवेल यांची पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची फांदी पावसाळ्यात मातीत खोचली की बहुधा फुटते. शेजाऱ्यांकडे झाड असेल, तर यंदा जूनमध्ये त्यांच्याकडून एक फांदी मागून आणा.