वानरांचा कळप आणि शिरोबिंदू
(शताब्दी महोत्सवातील भाषण)



कविता आणि नाटकांच्या मेळ्यात गणितालाही आसन दिल्याबद्दल मी कार्यकारिणीचा ऋणी आहे.

आपली नातवंडे आता बहुधा इंग्रजी किंवा हिंदी माध्यमातून शिकतात. वर्ग बहुपदीचा शिरोबिंदू, म्हणजे तिच्या आलेखाचा सर्वांत उंच वा सर्वांत खोल बिंदू, कसा काढावा असे विचारले, तर ‘वजा ब भागिले दोन अ’ हे सूत्र ती घडाघडा म्हणतात. ते तसे का, हे विचारले की गप्प होतात. हा ‘का’ घरच्या भाषेत सांगता येतो, असे माझे म्हणणे आहे.

उदाहरण भास्कराचार्यांचे घेतो. इ. स. ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’तील ‘बीजगणित’ भागात वानरांचे एक कोडे आहे. कळपाच्या अष्टमांशाच्या वर्गाइतके वानर वनात रमले आहेत, उरलेले बारा टेकडीवर आहेत. तर कळप केवढा? उत्तरे दोन, १६ आणि ४८; आचार्यांनी दोन्ही मान्य केली आहेत. (त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव यांनी मठ स्थापिला. त्याचा १२०७ चा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण येथे आहे. आश्रयदात्यांची परंपरा जुनी आहे!)

आपण कळप वाढवीत जाऊ आणि टेकडीवर किती उरतात ते पाहू. कळप ८ चा असेल तर ७ उरतात. १६ चा असेल तर १२, २४ चा तर १५, ३२ चा तर १६. पुढे ४० ला पुन्हा १५, ४८ ला १२, ५६ ला ७ आणि ६४ ला शून्य. ज्या पायऱ्यांनी संख्या चढली, त्याच पायऱ्यांनी ती उतरली. शिखर ३२ वर आहे, आणि १६ व ४८ यांचा मध्यही ३२ च.

समान उंचीचे दोन बिंदू सापडले की शिरोबिंदू त्यांच्या बरोबर मध्यावर असतो. असे दोन बिंदू हमखास मिळण्याची युक्ती सोपी आहे. बहुपदीतील स्थिर पद क हे सबंध वक्राला केवळ वर उचलते किंवा खाली आणते, डावी-उजवीकडे सरकवीत नाही. म्हणून ते क्षणभर बाजूला ठेवावे. उरलेल्या पदांतून क्ष बाहेर काढला की क्ष × (अ × क्ष + ब) असा गुणाकार मिळतो. तो शून्य होतो दोन ठिकाणी: क्ष शून्य असताना, आणि क्ष = −ब/अ असताना. त्यांचा मध्य −ब/२अ. मुलांचे सूत्र ते हेच! ही किंमत मूळ बहुपदीत घातली की उंची कळते. अ धन असेल तर तो बिंदू तळाचा, ऋण असेल तर शिखराचा.

पण दोन्ही बाजू सारख्याच असतात कशावरून? याचे उत्तर श्रीधराचार्यांच्या रीतीत आहे, जी भास्कराचार्यांनी उद्धृत केली आहे: चौपट अ ने गुणावे, ब चा वर्ग मिळवावा, म्हणजे पूर्ण वर्ग तयार होतो. आपल्या कोड्यात पूर्ण वर्ग केल्यावर टेकडीवरचे वानर = १६ − (क्ष − ३२)² / ६४ असे दिसते. ३२ हून आठ कमी असोत वा आठ अधिक, वर्ग तोच. आणि वर्ग कधी ऋण होत नाही, म्हणून १६ मधून काही वजा होईल, भर पडणार नाही.

आचार्यांनी टेकडीवर बाराऐवजी सोळा वानर बसविले असते, तर दोन उत्तरे एकमेकांत मिसळून ३२ हे एकच उरले असते. सतरा बसविले असते, तर कितीही मोठा कळप आणला तरी कोडे सुटले नसते.