मैदानावरील मृत्यू आणि समाजाचे कर्तव्य



अहिल्यानगरचे वाडिया पार्क असो की आडगावातील शाळेचे पटांगण, सामना पाहणाऱ्याच्या मनाला मृत्यूचा विचार शिवत नाही. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूरच्या कंठीरवा क्रीडांगणावरील प्रेक्षकांच्या मनातही तो नव्हता. फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात गोव्याचा धेंपो संघ कोलकात्याच्या मोहन बागानशी झुंजत होता. धेंपोचा ब्राझीलवासी आघाडीवीर क्रिस्टियानो ज्युनियर याने दुसरा गोल केला, त्याच क्षणी गोलरक्षकाशी त्याची टक्कर झाली आणि तो कोसळला. रुग्णालयात त्याला मृत घोषित करण्यात आले. सामना धेंपोने २-० असा जिंकला. दोन्ही गोल त्याचेच होते. वय अवघे २५ वर्षे!

धेंपोने त्याचा १० क्रमांकाचा गणवेश कायमचा निवृत्त केला आणि त्याच हंगामात राष्ट्रीय लीगचे विजेतेपद पटकावले. दूरदेशीहून आलेल्या खेळाडूला गोमंतकाने आपले मानले. ही कृतज्ञता आपल्या संस्काराला साजेशीच होती.

परंतु केवळ कृतज्ञतेने प्राण वाचत नाहीत. मार्च २०१२ मध्ये त्याच बंगळूर शहरात वेंकटेश नावाचा खेळाडू सामन्यात कोसळला. रुग्णवाहिका नव्हती, त्याला रिक्षातून न्यावे लागले. तोही वाचला नाही. याउलट १२ जून २०२१ रोजी कोपनहेगन येथे डेन्मार्कचा क्रिस्टियन एरिक्सन मैदानावर कोसळला, तेव्हा तत्काळ छातीवर दाब देण्यात आले, विद्युतधक्क्याचे यंत्रही हाताशी होते. तो वाचला आणि पुन्हा खेळू लागला.

हृदय अचानक थांबल्यावर उपचाराविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटागणिक जगण्याची शक्यता सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते. रुग्णवाहिका येईपर्यंतची ती मिनिटे जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या हाती असतात. छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी, मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे ५ सेंटिमीटर खोल दाब देणे ही विद्या काही तासांत शिकता येते. त्यासाठी डॉक्टर असावे लागत नाही.

म्हणून जिल्ह्यातील प्रत्येक क्रीडा मंडळाने, प्रत्येक शाळेने एक संकल्प करावा. चषक आणि हारतुऱ्यांची व्यवस्था करण्याआधी ही विद्या अवगत असलेले दोन कार्यकर्ते मैदानावर नेमावेत, रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक ठळकपणे लावावा आणि तिच्यासाठी फाटक मोकळे ठेवावे. क्रिस्टियानोला हीच खरी श्रद्धांजली ठरेल.